अंगठा कुठे ठेवायचा

कुसुम,

परवा तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. खालच्या मजल्यावरच्या त्या लांबोडक्या वर्गात, जिथे तू उभं आयुष्य खडू झिजवलेस. टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि मागे फळ्यावर मुलींनी इंग्रजीत लिहिलेला एकच शब्द : 'अनफर्गेटेबल'. नुसता लिहिला नव्हता. उभ्या रेघा मारून त्याचे पाच तुकडे पाडले होते, अन, फर, गे, टे, बल, आणि मधल्या 'गे'वर लाल खडूने एक अंगठा काढला होता. लोक डोळे पुसत होते. मी काय केलं सांगू? मी तो शब्द तपासला. म्हटलं, बघू या, कुठे चुकलाय का. नव्हता चुकला. जोर तिथेच हवा होता. मग मी खुर्चीत बसले आणि मला तुझा असा राग आला की पदर तोंडाशी धरावा लागला. शेजारच्या बाई म्हणाल्या, आवरा स्वतःला, किती जुनी मैत्री तुमची. त्यांना काय माहीत.

मी गेल्यावर माझ्या विद्यार्थिनी फळ्यावर काय लिहितील, याचा मी तिथे बसल्या बसल्या विचार केला. 'कै. शैलजाबाई' आणि खाली तारीख. शुद्धलेखन मात्र अचूक असेल, तेवढं मी शिकवलंय.

लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात. मीही लिहीन, पण आधी दुसरं लिहू दे. मला तुझा हेवा वाटायचा, कुसुम. थोडाथोडका नाही, पन्नासाहून जास्त वर्षं. नवऱ्याचा, घराचा, दागिन्यांचा म्हणशील तर मुळीच नाही, तुझं लुगडं माझ्याहून कधी भारी नव्हतं. हेवा वाटायचा तो या तुकड्यांचा आणि त्या अंगठ्याचा.

तुला ट्रेनिंग कॉलेजातला तो पाठ आठवतो? मी पेणजवळच्या जिते गावची, भाताच्या खाचरांतून शाळेत गेलेली. मामांनी दिलेली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी हीच माझी इस्टेट. कुठल्या शब्दाचे किती भाग आणि जोर कुठल्या भागावर, हे त्यात बारीक खुणेने दिलेलं असतं हे आपल्या अख्ख्या बॅचमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. मी चार रात्री बसून तक्ता केला. जोराचे सहा नियम, प्रत्येकाखाली सहा उदाहरणं, लाल निळी शाई. मुलांनी तक्ता बघितला, वहीत उतरवला, बास. एकाला उभं करून 'एक्झामिनेशन' म्हणायला लावलं तर तो वरातीतल्या ढोलासारखा सगळीकडे सारखाच जोर देत सुटला.

मग तुझा पाठ. तू पिशवीतून स्टीलचा डबा काढलास. मला वाटलं, ही बाई वर्गात जेवते की काय. डब्यात उडदाच्या पिठाचा गोळा होता. तू टेबलावर पाट ठेवलास, गोळ्याची लांब वळी केलीस, दोऱ्याचं एक टोक दातात धरलंस, दुसरं बोटाला गुंडाळलंस, आणि तुमच्या पेणच्या घरी पापडाच्या लाट्या पाडतात तशा पाच लाट्या पाडल्यास. एग-झा-मि-ने-शन. पोरं हसायला लागली. तू म्हणालीस, "हसू नका. आपल्या घरी लाट्या सगळ्या सारख्या पाडतात ना? म्हणून आपलं इंग्रजी पण सारखं होतं. साहेबाच्या घरची एकच लाटी खाली बसते. कुठली ती शोधायची आणि अंगठ्यानं दाबायची. बाकीच्या आपोआप गप बसतात." आणि 'ने'च्या लाटीवर अंगठा दाबलास. मागच्या बाकावरचं एक पोरगं ओरडलं, "बाई, मी दाबू का?" पाठ संपेपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला पीठ लागलं होतं आणि प्रत्येकजण 'एक्झामिनेशन' असं म्हणत होता की जणू त्याचा बाप विलायतेत जन्मला.

पाठ तपासायला आलेल्या सरांनी माझ्या वहीत लिहिलं, 'तयारी उत्तम'. तुझ्या वहीत लिहिलं, 'पाठ उत्तम'. हा फरक मी त्या दिवशी समजले आणि आयुष्यभर विसरले नाही.

तेव्हा मी तुला टोमणाही मारला होता. म्हटलं, शिक्षण घेऊन शेवटी अंगठाच लावलास. तू खो खो हसलीस. म्हणालीस, "माझी आई अंगठेबहाद्दर हाय गो. घरचंच भांडवल." तुला कधी काही लागायचंच नाही, हाच तर माझा वैताग होता.

पुढे नशिबाने काय गंमत केली बघ. तू पेणची, लग्न होऊन रोह्याला गेलीस. मी जित्याची, पेणला आले, ती नेमकी तुमच्या आळीच्या मागच्या आळीत. उन्हाळ्यात पापड लाटायला तुझ्या आईने, आक्कांनी, मला हाक मारली आणि मी जाऊ लागले. अंगणात पाच-सहा जणी, मध्ये कुटलेल्या पिठाचा गोळा, तेलाचा वास. आक्का दर पाच मिनिटांनी म्हणायच्या, "सारख्या पाडा गो लाट्या, पापड लहान-मोठे झाले तं गिऱ्हाईक नावं ठेवतंय." माझ्या लाट्या एकीसारखी एक व्हायच्या, तराजूत घालून बघाव्यात अशा. आक्का खूष. म्हणायच्या, "आमच्या कुसुमला नाय जमलं ते हिला जमतंय." तेव्हा मला काय आनंद व्हायचा. म्हटलं, एका तरी लाटीत मी तुझ्या पुढे आहे. आणि मग लक्षात यायचं की सगळं सारखं पाडण्यात पटाईत असणं हेच तर माझं दुखणं होतं.

आपण भांडलो मात्र भरपूर. सगळ्यात मोठं भांडण 'किलोमीटर'चं. तू माहेराहून परत निघायचीस तेव्हा मी एसटी स्टँडवर सोडायला यायची आणि तू मुद्दाम विचारायचीस, "शैले, रोहा किती कि-लो-मीटर?" दुसऱ्या लाटीवर अंगठा. मी म्हणायची, पहिल्यावर, कि-लोमीटर. सेंटीमीटर, मिलीमीटर यांना पहिल्यावर, मग यालाच काय सोनं लागलंय? तू म्हणायचीस, थर्मामीटर, स्पीडोमीटर यांना दुसऱ्यावर कसा बसतो मग? मी डिक्शनरी दाखवायची. तू म्हणायचीस, "डिक्शनरी लिवणारा कधी नागोठण्याच्या पुढं आलाय का?" कंडक्टर घंटा मारायचा तरी आपलं चालूच. हे भांडण आपण संपवलं नाही. मला ते संपवता आलं असतं. ते सांगते पुढे.

आता पल्लवीचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

माझी पोर अडखळायची. चार वर्षांची असल्यापासून. 'प' आला की ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत, मान ताठ, डोळे मोठे. आणि नाव ठेवलं होतं आम्ही पल्लवी, आणि गाव पेण. मी इंग्रजीची मास्तरीण, उच्चारांची बाई. मी काय केलं? सुधारत राहिले. सावकाश बोल, नीट बोल, श्वास घे, पुन्हा म्हण. पाहुण्यांसमोर तिचं वाक्य मीच पुरं करायची, म्हणजे तिची फजिती नको. मला तेव्हा ती माया वाटायची.

ती बारा वर्षांची असताना सुट्टीत नागोठण्याला तिच्या आत्याकडे गेली होती. परत येताना आत्याने तिला एसटीत बसवून दिलं, कंडक्टरला सांगायचं राहिलं. मी पेणच्या स्टँडवर उभी. गाडी आली, पोर नाही. दुसरी आली, नाही. मी घरी धावत आले, हे शोधायला निघणार, इतक्यात अंधारता अंधारता ती चालत दारात आली. चपला धुळीने पांढऱ्या. मुठीत तिकीट. तिकीट वडखळचं. कंडक्टरने विचारलं, कुठे? तिला 'पेण' म्हणता येईना. मागे रांग, लोक बघतायत. मग तिने जे म्हणता येत होतं ते म्हटलं, वडखळ. आणि वडखळला उतरली आणि हायवेच्या कडेने ट्रकांच्या धुरातून सहा-सात किलोमीटर चालत आली. मला म्हणाली, "आई, वडखळ सोपं आहे." बास, एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात तू आईला बघायला आलीस आणि मी तुझ्यासमोर रडले. तुझ्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. तू सल्ला दिला नाहीस. म्हणालीस, "शनवारी दुपारी आणत जा माझ्याकडं. पन तू आत नाय बसायचं."

रेल्वे नवीन नवीन होती तेव्हा. शनिवारची शाळा सुटली की पेणहून रोह्याची गाडी धरायची. आधी आधी पल्लवी खिडकीला नाक लावून गप्प बसायची. महिन्याभरात मी एक गोष्ट पाहिली. निडी स्टेशन आलं की ती रिबन सोडून वेणी नीट घालायची. पुढचं स्टेशन तुझं ना. माझ्यासाठी तिने कधी वेणी नीट घातल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही दोघी आत, मी तुझ्या पडवीत, मांडीवर तपासायच्या वह्या. दार लोटलेलं. आतून दोरा पिठात उतरताना आवाज येत नाही, पण तुझा आवाज यायचा, "अंगठा कुठे?" आणि मग हसणं. माझ्या घरात न हसणारी पोर तुझ्या घरात हसायची. एका शनिवारी मी ऐकलं, ती म्हणाली, 'रिस्पॉन्सिबिलिटी'. सहाच्या सहा लाट्या, चौथीवर अंगठा, कुठे खरखर नाही, खोळंबा नाही. माझ्या हातातलं लाल पेन वहीवर तसंच टेकून राहिलं आणि शाईचा डाग पडला. एखाद्या आईने तिथे देवाला हात जोडले असते. मी मनात काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, हिच्याकडे का. माझ्या पोटची, आणि पहिला शब्द हिच्याकडे का.

परत निघताना मी तुला वरवर विचारलं, एवढे लांबलचक इंग्रजी शब्द कशाला, आधी साधे मराठी घे की. तू हात धूत होतीस. म्हणालीस, "त्या शब्दांवरनं तिला कोन कधी ओरडलं नाय ना, म्हणून. आन् मोठा शब्द सोपा असतो गो, कापायला जागा असते. 'पेण' कापायचं कुठनं? ते शेवटी." तू सहज बोललीस. मला ते 'कोन कधी ओरडलं नाय' वर्मी लागलं. तुझ्या मनात नसेलही. असेलही.

पावसाळा सरला तोवर पल्लवी दुकानात जाऊन 'साबण द्या' म्हणू लागली होती. घरी येता-जाता मावशी असं म्हणते, मावशी तसं करते. एके दिवशी जेवताना तिने विचारलं, अगदी सरळ, एकदाही न अडखळता, "आई, आपण रोह्याला राहायला जाऊ या का?"

मी शनिवार बंद केले.

कारण सांगितलं परीक्षेचं. तुला म्हटलं, बरी आहे आता ती, गरज वाटत नाही. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं." भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. किलोमीटरसाठी तासभर भांडणारी बाई, आणि माझ्या पोरीसाठी एका शब्दात गप्प बसलीस.

दोन महिन्यांत पल्लवीचा 'प' पुन्हा मिटला. मी कोणाला सांगितलं नाही.

आणि मग पहिलं पोस्टकार्ड आलं. 'कु. पल्लवी' असं नाव, तुझं टपोरं अक्षर. मजकूर नाही, खुशाली नाही. मधोमध एकच इंग्रजी शब्द, 'इलेक्ट्रिसिटी', उभ्या रेघांनी कापलेला, आणि तिसऱ्या तुकड्यावर शाळेच्या स्टँपपॅडच्या जांभळ्या शाईत बुडवलेला तुझा खराखुरा अंगठा. खाली दुसरी ओळ, 'इलेक्ट्रिक', तिथे अंगठा दुसऱ्यावर. शब्द वाढला की जोर पुढे सरकतो, हा माझ्या तक्त्यातला चौथा नियम. तू तो दोन ठशांत सांगितलास.

कार्ड दुपारी यायचं. तेव्हा पल्लवी शाळेत आणि मी सकाळची शाळा करून घरी. मी ते तिला दिलं नाही. कुठे लपवलं? डिक्शनरीत. 'ई'च्या पानात. तिला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, ते त्याच्या शब्दाच्या पानात. मग तिसरं. दर आठवड्याला एक. डिक्शनरी फुगत चालली. मी रोज ठरवायची, आज देते. आणि रोज वाटायचं, दिलं की ती पुन्हा तुझी झाली.

उन्हाळ्यात आक्कांच्या अंगणात पापड लाटायला बसलो होतो. पल्लवी माझ्याशेजारी. कोणीतरी तिला काही विचारलं आणि तिची मान ताठ झाली. सगळ्या जणी थांबल्या. माझ्या ओठांवर आलं होतं, सावकाश बोल. पण माझ्या हातात दोरा होता. का कोण जाणे, मी वळीवर दोरा टेकवला आणि त्या आठवड्याच्या कार्डावरचा शब्द तिच्या कानाशी म्हटला. लाट्या पाडल्या. पहिल्यांदा आयुष्यात माझ्या लाट्या वेड्यावाकड्या पडल्या. आणि मी तिला विचारलं, "अंगठा कुठे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग अंगठा दाबला. बरोबर जागी.

तेव्हापासून दर आठवड्याला कार्ड यायचं, मी ते वाचायची, पानात ठेवायची आणि कणकेच्या नाहीतर पिठाच्या गोळ्यावर तो शब्द पल्लवीला माझा म्हणून शिकवायची. वाक्य पुरं करायचं सोडलं. ओठ आवळून बसायला शिकले, ती बोलेस्तोवर. सोपं नव्हतं, कुसुम. नियम सांगायला जीभ वळवळायची. पण पोर मोकळी होत गेली. हे म्हणायचे, शैलजा, शेवटी आईच ती. आळीतल्या बायका म्हणायच्या, बाईंनी स्वतःच्या पोरीला बोलतं केलं. मी 'छे, छे' म्हणायची, पण ज्या आवाजात माणूस 'अजून म्हणा' म्हणतं त्या आवाजात.

तिच्या दहावीच्या वर्षी शेवटचं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता, पेण. एकही रेघ नाही. त्या अख्ख्या शब्दावर पसरलेला तुझा अंगठा. त्या रविवारी मी तिला वडखळला घेऊन गेले आणि परतताना कंडक्टर आला तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले. तिला वेळ लागला. मी वळले नाही. आणि तिने मागितलं, "दोन पेण." बाहेर मिठागरं होती, मला ती धड दिसेनात.

तू इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस, कार्डं पोचतात का. मी एकदाही सांगितलं नाही. भेटलो की किलोमीटर. चार वर्षांपूर्वी पल्लवीने मला नवी डिक्शनरी आणून दिली. मी आधी तोच शब्द काढला. दोन्ही दिलेत, कुसुम. पहिल्यावरही चालतो, दुसऱ्यावरही चालतो. म्हणजे तू बरोबर होतीस. मी ते तुला सांगितलं नाही. तुझं दुखणं वाढलं तेव्हा मी ती डिक्शनरी पिशवीत घालून रोह्याला आले होते, तुझ्या उशाशी तासभर बसले, तू मला चहा पाजलास आणि म्हणालीस, "किती वझं घेऊन फिरतेस गो, काय हाय पिशवीत?" मी म्हटलं, काही नाही. ती पिशवी तशीच घेऊन परत आले. यासाठी मला माफी नको, मला नुसतं तुझं तोंड बघायचं होतं, जिंकल्यावर तू कशी दिसतेस ते.

तर परवाची सभा. शेवटी पल्लवी उठली. तू तिला पाहत होतीसच, आता पन्नाशीला आली, रोह्याच्याच एका कंपनीत प्रत्येक शिफ्टच्या कामगारांना सेफ्टीचं ट्रेनिंग देते. पिंपांवरची ती हातभर लांब केमिकलची नावं माणसांना तुकडे पाडून वाचायला शिकवते. माईक हातात घेतला आणि म्हणाली, "मी लहानपणी बोलू शकत नव्हते. मला बोलायला माझ्या आईने शिकवलं." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. तुझ्या फोटोसमोर, तुझ्या वर्गात, तुझ्या माणसांसमोर मला ते मिळालं जे मी आयुष्यभर मागत होते. आणि कुसुम, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

गाडी चुकली, म्हणून आम्ही एसटीने निघालो. स्टँड सुटायच्या आधीच मी पल्लवीला सगळं सांगून टाकलं. शनिवार का बंद केले. कार्डं. डिक्शनरी. ती ऐकत होती, मांडीवरच्या पर्सचा बंद सरळ करत.

"माहीत आहे मला, आई," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दहावीत एक शब्द बघायला डिक्शनरी उघडली होती. सगळी कार्डं खाली पडली. पुन्हा पानांत लावायला दुपार गेली माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, 'आईला सांगू नको. नाव तुझं घातलं, पन कार्डं मी तिलाच धाडत होते. तिच्या नावानं धाडली असती तर तिनं फाडून टाकली असती.'" पर्सचा बंद सोडून पल्लवी पुढे म्हणाली, "आणि मावशी म्हणाली, 'कोनी विचारलं तर आईचंच नाव सांग. मला नुसतं शिकवायचं होतं. तिला आधी सगळं विसरायचं होतं, ते जास्त कठीण.'"

म्हणजे मी तुझी विद्यार्थिनी होते. कार्डामागे कार्ड, सगळा अभ्यासक्रम माझा होता, आणि मला वाटत होतं मी चोरी करतेय. तिथेही तू पुढे. मेल्यावरही तू पुढे. मला तुझा इतका हेवा वाटला, आणि तू शेजारच्या सीटवर असावीस असं इतकं वाटलं, की दोन्ही एकमेकांपासून वेगळं करता येईना.

कंडक्टर आला. पल्लवी आतल्या बाजूला, मी कडेला. मशीन हातात घेऊन त्याने मला विचारलं, "आजी, कुठं?"

मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. ओठ मिटले ते मिटलेच. कंडक्टर वाट बघतोय, मागचा माणूस मान वर करून बघतोय. अडकलेल्या शब्दाची बाजू आतून कशी असते, ते मला वयाच्या या टोकाला कळलं. पल्लवी सहज सांगू शकली असती, दोन पेण. तिने सांगितलं नाही. 'सावकाश' म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मांडीवरचा माझा हात उलटा केला, तळव्याच्या मधोमध अंगठा दाबला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बराच वेळ लागला, कुसुम. मग मी म्हटलं.